कमरेची किल्ली

बाहेरचा धोका खरा निघाला, तर कोंडून ठेवणारा माणूस निर्दोष ठरतो का? ‘टेन क्लोव्हरफील्ड लेन’ हा २०१६ सालचा अमेरिकी थरारपट हा प्रश्न जितक्या निष्ठुरपणे विचारतो, तितका दुसऱ्या कुठल्या चित्रपटाने विचारलेला मी पाहिलेला नाही. डॅन ट्रॅक्टनबर्ग या दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट. जवळजवळ सगळी कथा जमिनीखालच्या एका तळघरात घडते आणि पात्रं मुख्यतः तीन. तो पाहून उठलेल्या माणसांमध्ये वाद होतो तो एकाच पात्रावरून, तळघराचा मालक हॉवर्ड याच्यावरून. तो राक्षस की तारणहार? शेवट सांगितल्याशिवाय या वादाला हात घालता येत नाही, म्हणून तो इथे सांगणार आहे.

मिशेल ही तरुणी लग्न ठरलेल्या जोडीदाराला सोडून गाडी घेऊन निघते. लुइझियानातल्या अंधाऱ्या रस्त्यावर तिला अपघात होतो. शुद्धीवर येते तेव्हा ती सिमेंटच्या खोलीत गादीवर पडलेली असते. हाताला सलाइन लावलेलं, दुखावलेल्या पायाला आधार बांधलेला आणि तोच पाय साखळीने जखडलेला. उपचार आणि बेडी एकाच चौकटीत दिसतात, आणि पुढचा सगळा चित्रपट या दोन वस्तूंमधला आहे. हॉवर्ड सांगतो की देशावर हल्ला झाला आहे, वरची हवा विषारी आहे आणि त्याने तिला उचलून आणलं म्हणून ती जिवंत आहे. एमेट नावाचा तिसरा माणूस तिथे आहे. हे तळघर बांधायला त्यानेच मदत केली होती आणि हल्ल्याच्या वेळी हात दुखावून घेऊन तो आत शिरला. म्हणजे एक जण सुटण्यासाठी धडपडते आहे आणि दुसरा आत येण्यासाठी धडपडला होता.

हॉवर्डची भूमिका जॉन गुडमनला देण्यात मोठी चतुराई आहे. अमेरिकी प्रेक्षकाने या नटाला ‘रोझॅन’ मालिकेत वर्षानुवर्षं कुटुंबवत्सल बाप म्हणून पाहिलं होतं. ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधला, एका चिमुरडीला जिवापाड जपणारा धिप्पाड सली त्याच्याच आवाजात बोलतो. त्यामुळे हॉवर्ड टेबलावर हात आपटून ओरडतो तेव्हाही आपण त्याच्यात बाप शोधत राहतो.

मिशेल जेवताना त्याच्या कमरेची किल्ली लांबवते, त्याच्या डोक्यात बाटली फोडते आणि दारापर्यंत पोहोचते. तेवढ्यात बाहेर एक बाई येते. चेहऱ्यावरची कातडी गेलेली, आत घ्या म्हणून आक्रोश करणारी. मिशेल दार उघडत नाही. हॉवर्ड खोटं बोलत नव्हता. यानंतर मिशेल त्याच्या डोक्याची जखम स्वतःच्या हाताने शिवते. तिघे कोडी सोडवतात, गाणी लावतात, चित्रपट बघतात, आणि प्रेक्षकही सैलावतो.

माझा आक्षेप आहे तो या सैलावण्याला. आपण हॉवर्डवरचा सगळा खटला एकाच मुद्द्यावर चालवत होतो: हवा विषारी आहे की नाही. ती विषारी असल्याचा पुरावा मिळताच त्याला सोडून दिलं. पण बंद दाराचं समर्थन हवेने झालं, साखळीचं कसं होईल? दार उघडलं तर तिघेही मरतील, म्हणून दाराला कुलूप हवं. बाहेरच्या त्या बाईसमोर मिशेलही तोच निर्णय घेते, आणि तेवढ्याने ती खलनायिका होत नाही. साखळी मात्र कुठल्याही विषारी वायूला अडवत नाही. ती फक्त मिशेलला अडवते. हॉवर्डच्या प्रत्येक कृतीला हा एक प्रश्न लावून पाहावा: हे हल्ल्याविरुद्ध आहे की तिच्याविरुद्ध? एमेटच्या शरीराला तिचा नुसता स्पर्श झाला की तो का भडकतो? मदतीबद्दल कृतज्ञता दाखव असं पुन्हा पुन्हा का बजावतो? शब्द ओळखण्याच्या एका खेळात एमेट मिशेलकडे बोट दाखवून खूण करतो, तर हॉवर्डला मुलगी, बालिका, राजकन्या एवढंच सुचतं. समोर वाढलेली बाई बसली आहे हे त्याला दिसतच नाही. यातली कुठलीच गोष्ट बाहेरच्या शत्रूला उत्तर नाही.

मग हवा शुद्ध करणारं यंत्र बंद पडतं. तिथे जायचा मार्ग इतका अरुंद की फक्त मिशेलच त्यातून सरपटत जाऊ शकते. ती जाते, यंत्र सुरू करते आणि तिघांचेही जीव वाचवते. खरं तर त्या क्षणी हिशेब बरोबरीत यायला हवा होता. तिने त्याला वाचवलं, त्याने तिला. किल्ली मात्र कमरेवरून हलत नाही. माझ्या लेखी हॉवर्डचा निकाल इथेच लागतो. जो खरोखर रक्षक आहे तो रक्षणात भागीदार मिळाला की सुखावतो. हॉवर्डला भागीदार नको होता, त्याला आश्रित हवी होती.

चित्रपट मात्र एवढ्यावर थांबत नाही. यंत्रापाशी मिशेलला काचेवर आतल्या बाजूने ओरखडलेली मदतीची हाक दिसते आणि रक्ताळलेलं एक कानातलं सापडतं. हॉवर्ड जिला आपली मुलगी म्हणून फोटोत दाखवत होता, तिच्याच कानातलं ते. तिला एमेट ओळखतो. ती गावातली बेपत्ता झालेली दुसरीच मुलगी निघते. दोघे बाथरूमच्या पडद्याचा संरक्षक पोशाख शिवून पळायचं ठरवतात. हॉवर्डला संशय येतो, तो आम्लाचं पिंप पुढे ठेवून कबुली मागतो. एमेट सगळा दोष स्वतःवर घेतो आणि हॉवर्ड त्याला गोळी घालतो. मग दाढी करून, नीटनेटका होऊन तो मिशेलपुढे येतो, जणू आता संसार सुरू व्हायचा आहे.

या चित्रपटात रक्षक आहेतच. वाद घालणारे हॉवर्डच्या तोंडाकडे बघत बसतात, त्यामुळे ते नजरेआड होतात. मिशेलच्या बोलण्यातून कळतं की तिचा बाप मारकुटा होता आणि तिच्या वाट्याचा मार तिचा भाऊ अंगावर घ्यायचा. तो भाऊ पडद्यावर येतही नाही. दुसरा रक्षक एमेट. दोघांच्याही हातात किल्ली नाही, बंदूक नाही, धान्याचं कोठार नाही. दुसऱ्याला वाचवण्याची किंमत दोघांनीही स्वतःच्या शरीराने चुकती केली. हॉवर्डनेही किंमत मोजली होती हे मान्य करायला हवं. पैसा, कष्ट, वर्षानुवर्षांची तयारी, हे सगळं त्याने ओतलं. पण त्याची वसुली त्याने मिशेलच्या आयुष्यातून करायची ठरवली होती. आणि तिच्या गाडीला धडक त्याच्याच गाडीची बसली होती, हे तो बऱ्याच उशिरा कबूल करतो.

तरीही कैद करणाऱ्याबद्दल माया का वाटते, असा प्रश्न निघाला की कुणीतरी लगेच ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणून विषय संपवतं. मूळ घटना नीट पाहिली तर विषय संपत नाही. २३ ऑगस्ट १९७३ रोजी स्टॉकहोमच्या नॉर्माल्मस्टॉर्य चौकातल्या क्रेडिटबँकेत यान-एरिक ओल्सन हा गुन्हेगार शिरला. तीन स्त्रिया आणि एक पुरुष अशा चार कर्मचाऱ्यांना त्याने ओलीस धरलं. सरकारने त्याच्या मागणीनुसार तुरुंगातून क्लार्क ओलोफसनलाही तिथे आणून दिलं. पोलिसांनी तिजोरीच्या छताला भोकं पाडली आणि सहाव्या दिवशी आत अश्रुधूर सोडला. त्याआधी क्रिस्टिन एनमार्क या तरुण कर्मचारी स्त्रीने पंतप्रधान उलोफ पाल्मे यांना फोनवर सांगितलं होतं की तिला भीती या दोघांची नाही, पोलिसांच्या हल्ल्यात जीव जाईल याची वाटते. दरोडेखोरांबरोबर बाहेर जाऊ द्या, अशी तिची मागणी होती. तिच्या या वागण्याला आजाराचं नाव देणारे मनोविकारतज्ज्ञ निल्स बेजेरूट त्याच पोलिसांचे सल्लागार होते. जिच्या बोलण्यात पोलिसांवर टीका होती, तिचं बोलणं लक्षण ठरलं. मला तिचा हिशेब चोख वाटतो. बंदूक जवळ असली तरी बोलून वळवता येते, आणि छतातून येणाऱ्या धुराशी बोलता येत नाही.

त्याच घटनेतली दुसरी गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. पोलिसांवर दबाव आणण्यासाठी ओल्सनने ओलीस पुरुषाच्या पायात गोळी घालायचं ठरवलं होतं. तो बेत तडीस गेला नाही, पण त्या माणसाने नंतर सांगितलं की फक्त पायातच मारणार म्हणतो, किती भला माणूस, असं त्या वेळी त्याला वाटलं होतं. पाकीटमाराने आपल्याच पाकिटातून रिक्षापुरते पैसे परत द्यावेत आणि आपण त्याला दुवा द्यावा, तसली ही कृतज्ञता. हॉवर्ड जी कृतज्ञता मागतो ती याच जातीची.

आपल्याकडे इम्तियाज अलीच्या ‘हायवे’ने (२०१४) ही कथा प्रेमाच्या बाजूने सांगितली. श्रीमंत घरातल्या वीराला पळवणारा महाबीर तिला कोठ्यावर विकण्याची धमकी देतो, आणि हळूहळू तिला त्याच्यासोबतच मोकळं वाटू लागतं. तिच्या सुरक्षित घरातल्या काकाने लहानपणी तिच्यावर अत्याचार केलेले असतात, म्हणून हे पटतंही. सुरुवातीला महाबीर तिला बांधलेल्या दोऱ्या सोडून रात्रीच्या ओसाड माळावर पळू देतो, आणि जायला जागाच नसल्याने ती परत येते. त्या परत येण्याला संमती म्हणणं मला मान्य नाही. पुढे तो तिला पोलीस ठाण्यापाशी सोडून जाऊ पाहतो, तेव्हा मात्र काहीतरी बदललेलं असतं. हॉवर्डच्या हातून हे कधीच झालं नसतं. तरी महाबीरचा पहिल्या रात्रीचा गुन्हा तेवढ्याने पुसला जात नाही, आणि चित्रपट तो पुसू पाहतो असं माझं मत आहे.

पुन्हा त्या कानातल्याकडे येतो. समजा मिशेलला ते सापडलंच नसतं. बेपत्ता मुलगी नाही, आम्लाचं पिंप नाही. फक्त एक तिरसट माणूस, खरा धोका, आणि त्याच्या कमरेला किल्ली. तर किती प्रेक्षकांनी मिशेलची बाजू घेतली असती? मला वाटतं, फार थोड्यांनी. ‘एवढं केलं त्याने, थोडं सोसलं तर काय बिघडलं?’ असं ऐकू आलं असतं. खून निघाला म्हणून आपली सुटका झाली. लेखकांनी आपल्यावर केलेला हा उपकार कथेला थोडा दुबळा करतो.

खऱ्या आयुष्यात कानातलं सापडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी सप्टेंबर २०२० मध्ये दिलेला एक निकाल या संदर्भात वाचण्यासारखा आहे. मालाडमधल्या कारवाईत पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या तीन तरुणींना अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, संरक्षण आणि पुनर्वसनासाठी म्हणून, एक वर्ष वसतिगृहात ठेवण्याचा आदेश दंडाधिकाऱ्यांनी दिला होता. सत्र न्यायालयाने तो कायम केला. तिघी सज्ञान होत्या. तिथे कुणी हॉवर्ड नव्हता, आणि देहविक्रयासाठी होणारी मुलींची खरेदी-विक्री ही काही कल्पित भीती नाही. बाहेरचं विष खरं होतं. तरीही उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. वेश्याव्यवसाय करणं हा या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवलेला नाही, आणि सज्ञान स्त्रीला तिची इच्छा न विचारता असं डांबून ठेवता येत नाही, असं न्यायालयाने नोंदवलं. बाहेर काय आहे एवढ्यावर निकाल लागला नाही, आत असलेलीला कुणी विचारलं का हेही पाहिलं गेलं.

मिशेल शेवटी आम्लाचं पिंप उलथवते, त्याच अरुंद मार्गाने वर निघते आणि पक्षी उडताना पाहून मुखवटा काढते. त्या क्षणी तिथली हवा श्वास घेण्याजोगी असते. काही वेळातच परग्रहावरचं यान येतं आणि वायू सोडतं. म्हणजे हॉवर्ड बाहेरच्या जगाबद्दल बव्हंशी बरोबर होता. त्याच्यापासून सुटलेली मिशेल त्या यानाशीही लढते आणि जिंकते. मग गाडीतल्या रेडिओवर दोन सूचना येतात: वाचलेल्यांनी बॅटन रूजकडे जावं, आणि वैद्यकीय किंवा लढाईचा अनुभव असलेल्यांची ह्यूस्टनला गरज आहे. ती ह्यूस्टनच्या रस्त्याला वळते. तिथला धोका हॉवर्डने सांगितला होता त्याहून मोठा आहे, आणि या वेळी तो तिने स्वतः निवडला आहे.