शर्टाचा रंग

दहावीच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो छापून आला आणि माझ्या लक्षात आले, की दुसऱ्या रांगेत पांढऱ्या शर्टांमध्ये एकच शर्ट पिवळा आहे. त्या मुलाच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. जन्मभर जपायच्या फोटोत त्याला कमीपणा वाटू नये, म्हणून मी स्टुडिओत गेलो.

"बण्णच ना, सर? बदलूया की," स्टुडिओवाला म्हणाला.

त्याने फोटोशॉप उघडले. शर्टावर टिचकी मारून तो रंग निवडला, पिवळेपणा उतरवला, उजळपणा चढवला. शर्ट पांढरा झाला. पण त्याबरोबर दारावरचे झेंडूचे तोरणही फिके पडले. रंगावरून केलेल्या अशा निवडीला रंग कळतो. शर्ट कोणता आणि झेंडू कोणता, हे कळत नाही. मग त्याने शर्टाभोवती रेघ आखून तेवढाच भाग बदलला. पाच मिनिटांचे काम.

याला खोटे म्हणावे काय? पूर्वी जुन्या स्टुडिओंतून कृष्णधवल फोटोंवर कारागीर हाताने रंग भरीत. आजीचा शालू, कपाळीचे कुंकू सारे त्याच कुंचल्याचे. पण रंग वरून दिला आहे हे घरातल्या साऱ्यांना माहीत असे. ट्यूबलाइटमुळे चेहऱ्यांवर आलेली हिरवट झाक काढली, तर तोही अपराध नव्हे; डोळ्यांनी पाहिले तेच परत मिळते. उलट जून १९९४ मध्ये अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने ओ. जे. सिम्प्सन या खुनाच्या आरोपीचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर अधिक काळवंडून छापला. 'न्यूजवीक'च्या मुखपृष्ठावर तोच फोटो तसा न काळवंडता आल्याने फरक उघडा पडला आणि टीकेची झोड उठली. बदलली होती ती केवळ छटा. पण खटला उभा राहण्याआधीच माणूस अधिक गुन्हेगार दिसू लागला होता.

माझा हेतू तर चांगला होता, असे मी मनाशी म्हणत राहिलो. फोटो न्यायला तो मुलगा आला. बराच वेळ पाहत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, हा शर्ट कुणाचा?"

मला उत्तर देता आले नाही. तीन वर्षे रोज सकाळी प्रार्थनेच्या रांगेत मी तो पिवळा शर्ट पाहत होतो. एक पांढरा शर्ट शिवून देणे मला जड नव्हते. तीन वर्षांत जे केले नाही, ते पाच मिनिटांत पडद्यावर करून मी मोकळा झालो होतो. त्याची लाज झाकतो आहे असे मला वाटले. झाकली गेली ती माझी.

म्हणून रंग बदलण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. यात सोय कुणाची होते? आणि ज्याचा फोटो, त्याला विचारले काय?

मूळ फोटो मी पुन्हा छापवून घेतला. एक प्रत त्याला दिली, एक माझ्या खोलीत लावली. तिच्यात शर्ट पिवळाच आहे आणि तोरणही. यंदा शाळा उघडली, त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर मी एकेका रांगेतून सावकाश हिंडून आलो.