बोअर कुठे मारायची?

निखिल : आत्या, केनियात 2020 ते 2022 मध्ये सलग पाच पावसाळे फसले. तिथे वर्षाला दोन पावसाळे असतात. तिथल्या काजियाडो भागातल्या मसाई पशुपालकांची गुरं पटापट मेली. आता आमच्या संस्थेकडे मदतीचे पैसे आहेत. बोअर मारायची म्हणतोय, जिथे पाणीच नाही अशा माळावर.

आत्या : पाणी नाही म्हणून तर तिथलं गवत वाचतं! पावसात डबकी भरली की मसाई गुरं घेऊन तिथे जातात, आटली की उठतात. पाणी बारमाही झालं, की गुरं हलायचीच नाहीत. दोन-चार वर्षांत बोअरभोवती नुसता फुफाटा.

निखिल : पुण्यात नळ सोडून हे बोलणं सोपं आहे. तिथे बायका गाढवं घेऊन कोसकोस पाण्याला जातात.

आत्या : बोल, बोल. पण दुष्काळ त्यांना नवा नाही. त्यातून निसटायच्या वाटा बुजल्या, ते नवं. 1904 आणि 1911 च्या करारांनी इंग्रजांनी लायकिपियासकट उत्तम कुरणं गोऱ्या शेतकऱ्यांसाठी घेतली. 1968 च्या कायद्यानं उरलेली गटांच्या नावे केली. पुढे त्यांचेही तुकडे पडले, कुंपणं आली.

निखिल : तुकडे बऱ्याच जणांनी स्वतः मागितले. नावावर कागद नसेल तर जमीन कुणी लाटेल, ही भीती खरी होती. ती कुंपणं मोडा म्हणणारा मी कोण? आणि पाऊसही बदललाय, त्याचं काय?

आत्या : म्हणून तर केनियातला तो गुरांचा दुष्काळ-विमा मला पटतो. उपग्रहावरून गवताचा हिरवेपणा मोजतात ना?

निखिल : हो, 2010 मध्ये उत्तरेला मार्साबिटमध्ये सुरू झाला. मसाईंचा मुलूख नव्हे तो.

आत्या : नसू दे. पैसे हातात देतो आणि गाय कुठे बसावी ते ठरवत नाही. तुझी बोअर ठरवते.

निखिल : म्हणजे रद्द करू?

आत्या : छे! गुरांचं टाकं पावसाळ्यात बंद ठेवा. कधी उघडायचं ते तिथल्या वडीलधाऱ्यांनी ठरवावं.

निखिल : वडीलधारे म्हणजे पुरुषच. बायकांच्या हंड्याचं काय?

आत्या : माणसांचा नळ वेगळा काढ, तो बारा महिने चालू. किल्ली बायकांकडे.

निखिल : आणि देणगीदार? अर्धं वर्ष बंद टाकं बघून म्हणतील, योजना फसली.

आत्या : मग हे अर्जातच लिही, अहवालात नको. आणि मागादीजवळ शोंपोले, ओल्किरामातियानचे लोक कोरड्या महिन्यांसाठी अजूनही कुरण राखून ठेवतात. जागा ठरवण्याआधी त्यांना भेट. भूजलवाल्याला त्यानंतर ने.