अचूक माप आणि न्याय्य माप

माणसाच्या हाती तराजू आला त्या दिवसापासून त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे आहेत. माप बरोबर आहे काय, हा पहिला. आणि त्या मापाने होणारा व्यवहार न्याय्य आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ शकते, दुसऱ्याचे माणसालाच द्यावे लागते. नाशिकमध्ये घरोघरचे जुने वीजमीटर उतरवून त्या जागी नवे ‘स्मार्ट’ मीटर बसू लागल्यापासून हे दोन्ही प्रश्न आपल्या दाराशी आले आहेत. चर्चा बहुधा पहिल्याचीच होते. आम्हांला दुसऱ्याविषयी अधिक बोलावेसे वाटते.

पंचवटीतील जुन्या वाड्यांत जिन्याखाली काळ्या पेटीतला मीटर असे. त्यातील अॅल्युमिनियमची चकती विजेच्या ओघाबरोबर फिरे आणि तिच्यावरची लाल खूण पुन्हा पुन्हा समोर येई. चकती झिजे, घर्षणाने मंदावे. अगदी थोड्या विजेवर ती हलतही नसे. पुढे अंक दाखवणारे इलेक्ट्रॉनिक मीटर आले. आताचा मीटर त्याच्याही पुढचा आहे. तो दिवसाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागातील वापर नोंदवतो आणि मोबाइलसारख्या जाळ्यातून ती नोंद स्वतःच कार्यालयाकडे धाडतो. ‘घर बंद’ म्हणून अंदाजाने सरासरी बिल येण्याचा प्रकार यामुळे थांबायला हवा. ज्या घरातील सगळी माणसे दिवसभर कामावर असतात, त्यांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय.

‘नवा मीटर पळतो’ ही शंका सर्वत्र ऐकू येते. तिला अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. ज्याच्या हाती तराजू, त्याच्याकडेच विक्री आणि वसुली असेल, तर गिऱ्हाइकाला तराजू तपासून पाहण्याचा हक्क असलाच पाहिजे. आपल्या मीटरशेजारी दुसरा मीटर लावून दोहोंची नोंद ताडून पाहता येते. प्रयोगशाळेत चाचणी मागता येते. २००३ च्या वीज कायद्याने ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल यांचीही तरतूद केली आहे. शंका घ्यावी, ती तपासावी, आणि माप खरे ठरल्यास मोकळ्या मनाने मान्य करावे. तपासाआधीच यंत्राला चोर ठरवणे हेही एक खोटे मापच आहे.

परंतु माप अगदी अचूक असले म्हणजे सारे मिटले असे नव्हे. उलट ते जितके बारीक होते, तितके अधिक सांगू लागते. घर केव्हा जागे होते, केव्हा निजते, किती दिवस रिकामे आहे, हे वेळावेळाच्या नोंदींवरून ताडता येते. नेदरलँड्समध्ये असे मीटर सक्तीने बसवण्याचा कायदा २००९ साली तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहात याच कारणाने अडला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. बिलासाठी घेतलेली नोंद बिलापुरतीच वापरली जावी, एवढी अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या मीटरमध्ये वीज दुरूनच तोडण्याची आणि जोडण्याची सोय असते. आधी पैसे भरून मग वीज वापरण्याची, म्हणजे प्रीपेड पद्धत घरोघरी येणार म्हणून राज्यात मोठा विरोध झाला. जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना असे मीटर बसवले जाणार नाहीत, असे जाहीर केले. पुढे ‘टीओडी’ या नावाने मीटर बसू लागले, ते वापरानंतर बिल देणारे. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी सूचना देण्याचे बंधन कायद्यात आहे. त्या पंधरा दिवसांचा नैतिक अर्थ आपण ओळखावा. पूर्वी वीज तोडायला वायरमन दाराशी येई. घरात आजारी मूल दिसले, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी दिसली, तर तो क्षणभर थांबे. निदान चार शब्द बोलणे होई. दुरून दाबल्या जाणाऱ्या कळीला चेहरा दिसत नाही. म्हणून जेथे माणसाचे येणे संपते, तेथे नियमाने अधिक दयाळू झाले पाहिजे.

आता दराकडे वळू. १ जुलै २०२५ पासून हे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. यामागे विचार आहे. दिवसा सौरऊर्जा मुबलक मिळते. सूर्य मावळला की मागणी चढते आणि एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रांतील कोळशावर भार येतो. धुण्याचे यंत्र वा इस्त्री संध्याकाळऐवजी दुपारी लावली, तर पैशांबरोबर थोडी राखही वाचते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अनावश्यक दिवे मालवण्यासारख्या लहान कृतींचेही मोल सांगितले होते. पण दुपारी घरी कोण असते? अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार आणि चार घरची धुणीभांडी करणारी त्याची पत्नी सकाळीच बाहेर पडतात. त्यांचा पंखा आणि दिवा रात्रीच लागतो. त्यांना दंड नाही, पण सवलतही नाही. ज्याला वेळ निवडता येतो त्याच्याच पदरात ती पडते. तेव्हा ज्यांना निवड आहे त्यांनी ती जरूर करावी. मात्र ज्यांना ती नाही त्यांना ‘बेफिकीर’ म्हणू नये.

येथवर आपण मापाकडे ग्राहक म्हणून पाहिले. पण आपल्यापैकी कित्येकांच्या हातीही एक तराजू आहे. सिडकोत, सातपूरला, जेल रोडला खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. घरावर एक मुख्य मीटर, आणि खोल्याखोल्यांना लहान सब-मीटर. चार भाडेकरू प्रत्येकी ७५ युनिट वापरतात असे समजा. प्रत्येकाचा स्वतःचा मीटर असता, तर सारा वापर पहिल्या १०० युनिटांच्या स्वस्त टप्प्यात बसला असता. एकाच मीटरवर ३०० युनिट झाले की त्यातील २०० युनिट पुढच्या चढ्या दराने मोजले जातात. कोणाच्याही मापात एका युनिटाची चूक नाही. तरीही गरिबाने गरिबीचाच दंड भरला. त्यावर मालकाने युनिटमागे आपला ठोक दर लावला, तर मापाच्या पाठीमागे उघड अन्यायच उभा राहतो. आमोस संदेष्ट्याने माप लहान आणि किंमत मोठी करणाऱ्या व्यापाऱ्यांना खडसावले होते. ते व्यापारी देवाचे सण पाळणारे होते, ही गोष्ट आपण विसरू नये.

म्हणून नवा मीटर बसेल त्या दिवशी प्रत्येक घराने काही साध्या गोष्टी कराव्यात. जुन्या मीटरवरचा शेवटचा आणि नव्यावरचा पहिला आकडा लिहून ठेवावा. पहिली काही बिले मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावीत. शेजारच्या म्हाताऱ्यांना मोबाइलवरील नोंद वाचता येत नसेल, तर ती वाचून दाखवावी. आणि ज्यांच्याकडे भाडेकरू आहेत त्यांनी बिल लपवून न ठेवता त्यांच्यासमोर उघडावे, जितके आले तितकेच वाटून घ्यावे, आणि शक्य असेल तेथे त्यांना स्वतंत्र मीटर मिळवून द्यावा. वीज कंपनीकडे खरे माप मागण्याचा अधिकार आपल्याला आहेच. आपल्याच छपराखाली राहणाऱ्याला ते देण्याचे कर्तव्य त्याहून जवळचे आहे.