गांडुळाचे देणे



अंगणातले वृंदावन असो की शहरातल्या गॅलरीतली कुंडी, माळकऱ्याच्या घरी तुळस असतेच. अलीकडे पुष्कळ घरी तिच्या शेजारी आणखी एक वस्तू दिसते. तळाला भोके पाडलेला जुना माठ किंवा ड्रम, वर ओले गोणपाट आणि आत गांडुळे. भाजीची देठे, फळांच्या साली, गाळलेली चहापूड त्यात जाते आणि दीड-दोन महिन्यांनी काळेभोर, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत हाती येते.

यावर दोन शंका आपल्या मंडळींकडून वरचेवर ऐकू येतात. पहिली, देवाला वाहिलेली तुळस आणि फुले किड्यांच्या पुढ्यात टाकणे योग्य आहे का? दुसरी त्याहून अवघड आहे. आपण भूतदया सांगतो, मुंगीलाही दुखवू नये म्हणतो. मग आपल्या कुंड्या फुलाव्यात म्हणून शेकडो जीव डब्यात कोंडून ठेवणे कोणत्या दयेत बसते? 'खत फुकट मिळते ना' एवढ्या उत्तराने या शंका मिटत नाहीत. त्या शांतपणे विचारात घ्यायला हव्यात.

आधी हा जीव करतो काय ते पाहू. गांडुळाला डोळे नाहीत, पण उजेड कळतो. कान नाहीत, पण जमिनीतला कंप कळतो. दात नाहीत, कुजू लागलेला पाला मातीच्या कणांसह ते गिळते आणि पोटातल्या पेषणीत दळते. त्याला फुप्फुसे नाहीत, ते ओल्या कातडीतून श्वास घेते. म्हणून कातडी वाळली की त्याचा जीव जातो. चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने अनेक वर्षे गांडुळांचे निरीक्षण करून १८८१ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. शेतजमिनीचा वरचा सुपीक थर घडवण्यात या क्षुल्लक वाटणाऱ्या जीवाचा वाटा किती मोठा आहे, हे त्याने त्यात दाखवून दिले.

घरच्या बागेला याचा लाभ उघड आहे. कुंडीतली माती वर्षभरात घट्ट होते आणि पाणी घातले की कडेने वाहून जाते. गांडूळखताने ती पुन्हा मोकळी होते, ओल धरते, मुळांना हवा मिळते. नत्र, स्फुरद, पालाश यांसारखी द्रव्ये झाडाला हळूहळू मिळत राहतात आणि मातीतले उपयोगी सूक्ष्मजीव वाढतात. रासायनिक खताची मात्रा चुकली तर रोप करपते, तशी भीती येथे फारशी नाही. मध्यम कुंडीला महिन्याकाठी दोन मुठी पुरतात.

आता पहिली शंका. निर्माल्य म्हणजे देवाच्या अंगावरून उतरलेले. ते पायदळी येऊ नये म्हणून नदीत सोडण्याची रीत पडली. ती पडली तेव्हा हारात सुती दोरा होता, घरे थोडी होती आणि नदी वाहती होती. आज चंद्रभागेच्या वाळवंटात किंवा इंद्रायणीच्या काठी उभे राहून आपणच पाहावे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली फुले साचलेल्या पाण्यात कुजत असतात. त्यात आदर कोठे उरला?

नाथमहाराजांची कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. रामेश्वराला वाहण्यासाठी कावडीने आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले. सोबतचे लोक चकित झाले. नाथांना मात्र ते पाणी रामेश्वरालाच पोहोचले असे वाटले. ते जल तर अजून देवाला वाहायचे होते, तरी जीवाला दिल्याने बाटले नाही. मग देवाला वाहून झालेली तुळस एका जीवाच्या पोटात गेली, तर ती कशी बाटेल? आणि त्याच तुळशीचे खत होऊन ते पुन्हा वृंदावनातल्या तुळशीला मिळत असेल, तर निर्माल्याला याहून चांगली गती कोणती? मात्र हारातला दोरा, जरी, प्लास्टिक निवडून काढावे. कुंकू-बुक्क्याने माखलेली फुले बाजूला ठेवावीत. रंगातली रसायने त्या जीवाला सोसत नाहीत.

दुसरी शंका इतक्या सहज सुटत नाही, आणि सुटूही नये.

काहीजण म्हणतील, नकोच ती पालनाची भानगड, साली कचऱ्याच्या गाडीत टाकू, म्हणजे आपल्या हातून हिंसाच नको. पण ती गाडी कोठे जाते? पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत राहिला. दुर्गंधी आणि नासलेले पाणी सोसून तिथल्या गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा आंदोलने केली. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते ती याच भागातून. ज्या गावांतून वारकऱ्यांनी वाट काढायची, त्यांच्याच उशाला आपल्या घरच्या साली कुजत ठेवायच्या, याला अहिंसा म्हणता येणार नाही. डोळ्यांआड झाले म्हणजे पाप टळले असे नसते.

गांडुळे पाळावीत, असेच मला वाटते. पण पाळणे या शब्दाचा भार ओळखून पाळावीत. मोकळ्या रानातले गांडूळ ऊन वाढले की खाली ओलीत उतरते, पाणी तुंबले की बाहेर येते, एके ठिकाणी अन्न संपले की दुसरीकडे सरकते. आपल्या ड्रममधले गांडूळ जाईल कोठे? त्याची वाट आपण बंद केलेली असते. ज्याची वाट आपण बंद केली, त्याचे ऊन, पाऊस, भूक आणि तहान आपल्या अंगावर आली. शेतकरी बैलाला दावणीला बांधतो, म्हणून वैरण-पाण्याचा धर्म त्याच्यावर येतो. बैलाचे उपकार फेडायला पोळा आहे, बेंदूर आहे. गांडुळाला असा सण नाही. त्याला हंबरताही येत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत आपली परीक्षा जास्त कठीण आहे: जो तक्रार करू शकत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो?

ही दया बोलण्यात राहू नये, म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो. ड्रम सावलीत, पावसाच्या झडीपासून आडोशाला ठेवावा. आतला पाला मुठीत दाबला तर एखाद-दुसरा थेंब यावा, इतकीच ओल असावी. ताजे शेण घालू नये. ते कुजताना तापते आणि त्या उष्णतेने गांडुळे मरतात. जुने, निवलेले शेण चालते. मीठ, तेल, तिखट, शिजलेले अन्न आणि लिंबू-संत्र्याच्या साली त्यांना नकोत. एकादशीच्या फराळातली केळीची साल चालेल, उरलेली खिचडी नाही. मुंग्या लागू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. खत काढताना फावडे घालू नये. चार दिवस पाणी थांबवून उजेडात ढीग करावा. गांडुळे आपोआप तळाशी जातात, मग वरचे खत हलक्या हाताने काढून घ्यावे. 'तुटले तरी काय, एकाची दोन होतात' ही समजूत खोटी आहे. मधोमध तुटलेल्या गांडुळाची दोन गांडुळे होत नाहीत. असल्या समजुती आपल्या निष्काळजीपणाला सोयीच्या असतात, म्हणूनच त्या टिकतात.

गोरोबाकाकांची कथा आपण तल्लीनतेची कथा म्हणून ऐकतो. विठ्ठलनामात ते इतके रंगले, की चिखल तुडवताना पायाखाली आलेले स्वतःचे मूल त्यांना कळले नाही. पांडुरंगाने ते मूल परत दिले, हे आपण हात जोडून ऐकतो. पण त्या चिखलात एक जीव होता, हेही त्या कथेत आहे. काकांसारखी तल्लीनता आपल्यापाशी नाही. तेव्हा पायाखालच्या मातीकडे लक्ष ठेवणे, हे तरी आपल्याला करता येईल.

अरणच्या सावतोबांचे तर आयुष्यच मातीत गेले. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत; त्यांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला. परंपरा अशी, की इतर संतांच्या पालख्या पंढरपुराला येतात आणि सावतोबांसाठी पांडुरंगाची पालखी अरणला जाते. मळ्यात देव पाहायचा म्हटले, तर तो भाजीच्या हिरव्या पानात तेवढा पाहून भागत नाही. ते पान ज्या मातीतून आले आणि ती माती ज्या जीवांनी केली, तिथवर नजर जावी लागते.

गांडुळाला आपण सेवा करतो हे ठाऊक नाही. त्याला पुण्य नको आणि त्या कामाचा अहंकारही नाही. ते खाते आणि जगते. लाभ आपल्याला होतो. सेवा हा शब्द लागू होतो तो आपल्याला, आणि सेवेचे देणेही आपल्याच खात्यावर पडते.

आता वारीचेच पाहा. आळंदीहून निघालेला वारकरी पंढरीला पोहोचेपर्यंत सुमारे तीन आठवडे घराबाहेर असतो. निघण्यापूर्वी गांडुळांच्या ड्रममध्ये ओला पालापाचोळा, जुने शेण आणि थोड्या साली भरून वर गोणपाट अंथरले, तर एवढे दिवस त्यांचे भागते. फक्त मधून कोणी तरी ओल पाहायला हवी. शेजारणीच्या हाती किल्ली देताना आपण सांगतोच, "तुळशीला पाणी घाल गं." त्यापुढे एवढेच जोडावे, "आणि त्या गोणपाटावरही दोन दिवसांआड पाणी शिंपड, खाली जीव आहेत."

रामकृष्ण हरी.