अश्रूंची तालीम

लहान मुलाला रडवणे अवघड नसते. त्याची आवडती वस्तू काढून घ्यावी, आई परत येणार नाही असे सांगावे, चारचौघांत त्याचा पाणउतारा करावा. दोन मिनिटांत डोळे भरून येतात. मुलाला रडण्याचा अभिनय शिकवणे मात्र अवघड असते. त्याला वेळ लागतो, धीर लागतो आणि मुख्य म्हणजे शिकवणाऱ्याला स्वतःला अभिनय कळावा लागतो. सिनेमा आणि मालिकांच्या धंद्यात वेळ हीच सर्वांत महाग गोष्ट. म्हणून पहिला रस्ता पुन्हा पुन्हा धरला जातो. पडद्यावर या दोन प्रकारच्या अश्रूंतला फरक प्रेक्षकाला कळत नाही. प्रेक्षकाला कळत नसेल, तर तो फरक उरतो का?

१९३१ साली हॉलिवुडमध्ये 'स्किपी' नावाचा चित्रपट निघाला. त्याचा छोटा नायक जॅकी कूपर तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग हे त्याच्या मावशीचे यजमान. एका प्रसंगात मुलाने रडायचे होते आणि रडू काही येईना. तेव्हा त्याच्या कुत्र्याला गोळी घालण्याची धमकी देण्यात आली. सेटच्या मागे बंदुकीचा बार निघाला. मुलाने हंबरडा फोडला आणि कॅमेऱ्याने तो टिपला. कुत्रा अर्थातच जिवंत होता. टॉरोग यांना त्या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. कूपरला नवव्या वर्षी प्रमुख अभिनेत्याचे नामांकन मिळाले. पुढे पन्नास वर्षांनी, १९८१ साली, कूपर यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव त्यांनी ठेवले 'प्लीज डोन्ट शूट माय डॉग'. एवढ्या मोठ्या कारकिर्दीनंतरही त्या माणसाला आपल्या आयुष्याच्या कहाणीला हेच नाव द्यावेसे वाटले.

त्या क्षणी जॅकी कूपर अभिनय करत होता का? माझ्या मते नाही. तो शोक करत होता. अभिनय केला तो मोठ्या माणसांनी, त्या मुलापुढे. मूल फक्त त्यांच्या नाटकाला बळी पडले.

अभिनयात भावना खरी असावी की नसावी, हा वाद जुना आहे. फ्रेंच विचारवंत दिदेरो यांनी अठराव्या शतकात असा मुद्दा मांडला की थोर नट प्रेक्षकाला रडवतो तेव्हा स्वतः आतून शांत असतो. आपल्याकडे नाट्यशास्त्राने अश्रूंना आठ सात्त्विक भावांत जागा दिली. म्हणजे मनाच्या एकाग्रतेशिवाय ते येत नाहीत, असे मानले. रशियाच्या स्तानिस्लावस्की यांनी नटाला स्वतःच्या आठवणींतून भावना जागवायला शिकवले, पण पुढे त्यांचाही भर शरीराच्या साध्या क्रियांवर आला. अमेरिकेतल्या स्टेला अ‍ॅडलर १९३४ मध्ये त्यांना पॅरिसला भेटल्या आणि परत जाऊन सांगू लागल्या की नटाने आपली दुःखे उकरण्याऐवजी कल्पनाशक्तीवर विसंबावे. ली स्ट्रासबर्ग यांनी ते मानले नाही. पण या सगळ्या वादात एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली आहे. ती म्हणजे नटाला आपण नट आहोत हे ठाऊक असते. भावना खरी असो वा नसो, दार त्याने स्वतः उघडलेले असते आणि बंदही त्यालाच करता येते.

इथे आपल्या भाषेतला एक शब्द आठवतो. नाटकाच्या सरावाला मराठीत 'तालीम' म्हणतात. आपल्या घरांत तालीम म्हणजे शिक्षण. दोन्ही शब्द एकच, मूळ अरबी, आणि 'इल्म' हा त्याच घराण्यातला. तालीम म्हणजे ज्ञान देणे. ज्या मुलाला आपल्यासोबत काय चालले आहे याचे ज्ञानच नाही, त्याची तालीम झाली असे कसे म्हणावे? त्याला फसवून रडवले असेल, तर त्याने काही शिकले नाही. शिकलाच असेल तर एवढेच, की मोठी माणसे गरज पडली की खोटे बोलतात आणि त्याबद्दल त्यांना टाळ्या मिळतात.

गंमत अशी की मुलांना अभिनय मुळातच येतो. भातुकलीत रिकाम्या कपातला चहा पिताना चटका बसल्याचा आव कुणी शिकवलेला नसतो. 'खोटे खोटे' हा शब्दप्रयोगच मुलांचा आहे. दोन खोट्यांना जोडून त्यांनी खोटेपणातला दोष काढून टाकला आहे, कारण त्यात कुणाची फसवणूक नसते. सगळ्या खेळगड्यांना ते ठाऊक असते. आणि त्याच खेळात आणखी एक कायदा असतो: 'टाइमप्लीज'. पायात काटा रुतला, दम लागला, नुसती भीती वाटली, तरी 'टाइमप्लीज' म्हटले की खेळ थांबतो. कारण विचारले जात नाही. मोठ्यांच्या सेटवर मात्र खेळ थांबवण्याचा हक्क दिग्दर्शकाला असतो, निर्मात्याला असतो, ढगांनाही असतो. मुलाला नसतो.

चांगले प्रशिक्षण या दोन गोष्टींवरच उभे राहते. मुलाला सांगावे की तुझी किल्ली हरवली आहे, ती दप्तरात शोध, आणि बाहेर आई वाट पाहते आहे. तो शोधू लागला की चेहऱ्यावर काळजी आपोआप येते. 'दुःखी दिस' असे सांगण्याची गरजच राहत नाही. समोरच्याचे नीट ऐकणे, श्वास सांभाळणे, 'मी त्याच्या जागी असतो तर' हा विचार करणे, हे सात-आठ वर्षांचे मूलही शिकू शकते. सुलभा देशपांडे यांच्या 'चंद्रशाला'सारख्या बालरंगभूमीच्या चळवळीने मुंबईत हेच दाखवले, की मुलांकडून नाटक बसवून घ्यायला त्यांना दुखवावे लागत नाही.

सिनेमाला तर याहूनही कमी पुरते. रशियन दिग्दर्शक कुलेशॉव यांनी एकाच नटाचा एकच भावहीन चेहरा कधी सूपच्या वाटीपुढे, कधी शवपेटीपुढे जोडून दाखवला, आणि पाहणाऱ्यांनी त्यात भूक पाहिली, शोक पाहिला. संकलनाच्या टेबलावर जे साधते, त्यासाठी मुलाचे काळीज का पिळावे? ग्लिसरीनला आपण नाके मुरडतो. पण ग्लिसरीन निदान कुणाला फसवून डोळ्यांत घातले जात नाही.

किशोरवयीन मुलांचा प्रश्न जरा वेगळा आहे. त्यांना कुत्र्याची धमकी देऊन भागत नाही. त्यांना सांगितले जाते, 'तुझी नानी गेली तो दिवस आठव.' मोठ्या नटाची जखम जुनी असते, तिच्यावर खपली धरलेली असते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची जखम अजून ओली असते. ती उघडून झाल्यावर 'कट' म्हटले की दिवे विझतात आणि सगळे जेवायला जातात. ती जखम मिटवायची कशी, हे तिला कुणी शिकवलेले नसते. आत जाण्याचा रस्ता शिकवणाऱ्याने बाहेर येण्याचा रस्ता आधी शिकवला पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान आहे. या आक्षेपात तथ्य आहे. महजबीन बानो १९३९ च्या सुमारास विजय भट्ट यांच्या चित्रपटात उभी राहिली ती घर चालावे म्हणून. वय सहा-सात वर्षांचे. पुढे जगाने तिला मीनाकुमारी म्हणून ओळखले. शाळा तिला नीट लाभलीच नाही. भूक असलेल्या घराला उपदेश करणे सोपे असते. म्हणून मुलाने काम करावे की नाही, यापेक्षा ती कमाई कुणाची, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चॅप्लिन यांच्या १९२१ च्या 'द किड'मधल्या जॅकी कूगनने लाखो डॉलर मिळवले. सज्ञान झाल्यावर त्याला कळले की आई आणि सावत्र वडिलांनी ते उडवून टाकले आहेत. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला. हाती आले ते थोडेसेच, पण १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचे रक्षण करणारा कायदा झाला.

आपल्या देशात २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. कलाकार म्हणून काम करण्यास अटींवर सूट आहे. २०१७ च्या नियमांनुसार त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांहून जास्त काम देता येत नाही. किमान २० टक्के कमाई मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करून घेता येत नाही, असेही नियमात आहे. म्हणजे 'टाइमप्लीज' कायद्याने मान्य केले आहे. प्रश्न एवढाच की ते मुलाला कुणी सांगितले आहे का?

आपल्या समाजात हा विषय निघाला की चर्चा हराम-हलालपाशी येऊन थांबते. एक बाजू दार बंद करते, दुसरी बाजू ते उघडून मुलाला आत ढकलते. मूल काय म्हणते, हे दोघेही विचारत नाहीत. वास्तविक अल्पवयीनाची मालमत्ता ही अमानत आहे, तो समजूतदार होईपर्यंत सांभाळून त्याला परत करायची आहे, हे आपल्याला बालपणापासून शिकवले जाते. यतीमाच्या मालाबद्दल तर किती कडक ताकीद आहे! पैशाला लागू असलेला हा नियम अश्रूंना, भीतीला, मुलाच्या विश्वासाला लागू का नसावा? मालापेक्षा त्या गोष्टी कमी मोलाच्या आहेत काय?

१९८८ च्या 'सलाम बॉम्बे'साठी मीरा नायर यांनी रस्त्यावरच्या मुलांची कार्यशाळा घेतली. रंगकर्मी बॅरी जॉन यांनी त्यांना शिकवले आणि चित्रपटानंतर अशा मुलांसाठी 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला. मुलांना आधी शिकवावे, मग कॅमेऱ्यापुढे उभे करावे, हा योग्य क्रम होता. तरीही त्यातला नायक शफीक सय्यद, राष्ट्रीय पुरस्कार मिळवूनही, पुढे बंगळुरूत रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवणे कमीपणाचे मुळीच नाही. पण टाळ्या थांबल्यानंतरच्या आयुष्याची तयारी हाही तालमीचाच भाग असतो, हे त्यातून दिसते.

आज मुंबई-पुण्यातच नव्हे, तर लहान शहरांतही अभिनयाचे वर्ग निघाले आहेत. आई-वडील फी भरतात, फोटो काढून घेतात, ऑडिशनच्या रांगेत उभे राहतात. त्यांनी वर्गाच्या दारात फक्त दोन गोष्टी विचाराव्यात. माझ्या मुलाला रडवण्यासाठी तुम्ही काय करता? आणि त्याने मध्येच 'टाइमप्लीज' म्हटले, तर तुम्ही थांबता का? पहिल्या प्रश्नाला नुसते हसून उत्तर मिळाले, तर मुलाचा हात धरून घरी यावे. दुसऱ्याचे उत्तर मात्र आधी आई-वडिलांनी स्वतःलाही द्यावे, कारण त्या रांगेत मुलाला उभे करणारे हात बहुधा आपलेच असतात.