जिला ओरडता आले नाही, तिचा न्याय

गुन्हेगाराला न्यायालयाने किती वर्षांची शिक्षा द्यावी, हा मंडळीच्या मासिकाचा विषय आहे काय, असे काही वाचक विचारतील. माझ्या मते आहे. कारण न्यायालयाच्या तराजूत आपणही नकळत वजन टाकीत असतो. कधी दाखला लिहून, कधी तडजोडीचा निरोप पोहोचवून, तर कधी केवळ गप्प राहून. आणि गुन्हा जेव्हा असा असतो की, चहात, सरबतात किंवा मद्यात गुंगीचे औषध मिसळून एखाद्या व्यक्तीला बेशुद्ध केले गेले व त्या अवस्थेत तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला, तेव्हा तर आपले वजन बहुधा चुकीच्या पारड्यात पडते. जखम नाही, झटापट नाही, आरडाओरड नाही. पीडितेला स्वतःलाही नीट आठवत नाही. तेव्हा गुन्हा घडला खरा, पण जबरदस्तीच्या गुन्ह्याइतका भयंकर नव्हे, असे मन हळूच म्हणू लागते.

पवित्र शास्त्राचे माप निराळे आहे. हबक्कूकाच्या दुसऱ्या अध्यायाच्या १५ व्या वचनात, शेजाऱ्याची नग्नता पाहता यावी म्हणून त्याला पाजून धुंद करणाऱ्याचा संदेष्टा धिक्कार करतो. हे वचन मुळात खास्द्यांच्या राष्ट्राविषयी आहे, हे मी विसरलेलो नाही. पण दृष्टांत कोणत्या पापाचा घेतला आहे ते पाहावे. पाजणे हे येथे पापाचे निमित्त म्हणून सांगितलेले नाही, ते पापाचाच भाग आहे. आणि पुढच्याच वचनात प्याला उलट फिरतो व लाज पाजणाऱ्याच्या वाट्याला येते. आपल्या बोलण्यात मात्र ‘तिची अब्रू गेली’ असेच म्हणायची रीत आहे. हा अपराध केवळ स्त्रियांवरच होतो असेही नाही. उत्पत्तीच्या १९ व्या अध्यायात लोटाला द्राक्षारस पाजण्यात आला. तो निजला केव्हा, उठला केव्हा, काय घडले, ह्यातले काहीच त्याला कळले नाही.

अनुवादाचा २२ वा अध्याय वाचताना आपण अडखळतो, आणि अडखळावे असे त्यात बरेच आहे. तेथील सर्व नियम आज कोणी लागू करीत नाही. तरी २५ ते २७ ही वचने सावकाश वाचावीत. वाग्दत्त मुलीला रानात गाठले तर दोष केवळ पुरुषाचा. कारण ती ओरडली असेल, पण सोडवायला कोणी नव्हते. खुनाची आणि ह्या गुन्ह्याची तेथे बरोबरी केली आहे. नगरात मात्र न ओरडणाऱ्या मुलीविरुद्ध संशय धरलेला आहे. आता प्रश्न असा की, जिला गुंगी दिली ती नगरात आहे की रानात? आजूबाजूला शेजारी असतील, भिंतीपलीकडे कोणी रेडिओ ऐकत असेल, तरी ती रानातच आहे. तिचा आवाजच अगोदर काढून घेतलेला आहे. मग तिच्या गप्प राहण्याचा फायदा आरोपीला कसा द्यायचा?

ह्या प्रश्नाला आपल्या काळात फ्रान्समध्ये उत्तर मिळाले. मझां ह्या गावात दोमिनिक पेलिको हा इसम आपल्या पत्नीला, जिझेल पेलिको ह्यांना, अन्नपाण्यातून गुंगीच्या गोळ्या देत असे व परपुरुषांना घरी बोलावीत असे. २०११ पासून २०२० पर्यंत हे चालले. सप्टेंबर २०२० मध्ये एका दुकानात तो स्त्रियांचे चोरून चित्रण करताना पकडला गेला, तेव्हा त्याच्या संगणकातून सारे बाहेर आले. पत्नीला काहीच ठाऊक नव्हते. विस्मरणाचे झटके येतात म्हणून ती डॉक्टरांकडे जात होती. १९ डिसेंबर २०२४ रोजी आव्हिन्यो येथील न्यायालयाने सर्व ५१ आरोपींना दोषी ठरविले. पतीला २० वर्षांची, म्हणजे तेथील कायद्याने त्या गुन्ह्याला देता येईल ती सर्वाधिक शिक्षा झाली. इतरांना तीन ते पंधरा वर्षे, त्यातही काहींची अंशतः स्थगित. एकाने अपील शेवटपर्यंत चालविले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची नऊ वर्षे वाढून दहा झाली.

त्यांच्यापैकी अनेकांचा बचाव असा होता की, आम्हाला ठाऊक नव्हते. पतीची परवानगी होती, ती झोपेचे सोंग करीत असेल असे वाटले. लूकाच्या १२ व्या अध्यायात प्रभूने, धन्याची इच्छा जाणूनही न वागणाऱ्या दासाला पुष्कळ फटके व न जाणणाऱ्याला थोडे, असा भेद केला आहे, आणि न्यायालये शिक्षा ठरविताना हाच भेद आपल्या परीने करतात. पण समोर निपचित पडलेल्या देहाकडे पाहून ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणणारा न जाणणारा दास नव्हे. जाणून घ्यायचे नाही असे ठरविलेला दास तो. पतीची परवानगी ही पत्नीची संमती होत नाही, एवढे कळायला कायद्याचे पुस्तक लागत नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? नशेमुळे किंवा दिलेल्या गुंगीच्या पदार्थामुळे जिला आपण कशाला होकार देत आहोत हे कळत नाही, तिचा होकार हा होकार नव्हे, हे शब्द १९८३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत आले. तेव्हाच बलात्काराला किमान सात वर्षांची शिक्षा ठरली, परंतु विशेष कारणे लिहून न्यायाधीशाला त्याहून कमी देता येत असे. ती पळवाट २०१३ मध्ये बंद झाली, आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरू नये हेही तेव्हाच स्पष्ट लिहिले गेले. २०१८ मध्ये किमान शिक्षा दहा वर्षे झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे सर्व ६३ व ६४ ह्या कलमांत आहे. गुन्हा करण्याच्या हेतूने गुंगीचा पदार्थ देणे हा कलम १२३ खाली वेगळा गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र कलम ६३ मध्ये एक अपवाद राहिला आहे. अठरा वर्षांवरील स्वतःच्या पत्नीबाबत पतीचे कृत्य बलात्कार ठरत नाही. म्हणजे मझांची घटना आपल्या एखाद्या गावी घडती, तर बाहेरून आलेल्यांवर बलात्काराचा खटला चालला असता, पण ज्याने हे सर्व रचले त्या पतीच्या स्वतःच्या कृत्याला ते नाव देता आले नसते. औषध दिल्याबद्दल व इतरांना साथ दिल्याबद्दलच तो सापडला असता. लग्न लावताना इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचणाऱ्या आम्हां लोकांना हा अपवाद बोचायला हवा.

इंग्लंडमध्ये न्यायाधीशांसाठी शिक्षेचे लिखित मार्गदर्शन असते, तसे आपल्याकडे नाही. तेथे बलात्कारासाठी औषध किंवा मद्य वापरले असेल, तर गुन्हेगाराचा दोष वरच्या श्रेणीत धरतात. पीडितेची हानी सर्वाधिक असेल, तर आरंभीचे माप बारा वर्षांऐवजी पंधरा होते. ह्यामागचे तत्त्व निर्गमाच्या २१ व्या अध्यायाइतके जुने आहे. अचानक हातून मेला त्याच्या मारेकऱ्याला आश्रयाचे स्थान आहे. पण कपटाने मारणाऱ्याला वेदीपासूनही ओढून न्यावे. औषध आगाऊ आणावे लागते, मात्रा ठरवावी लागते, विश्वास संपादावा लागतो. रागाच्या किंवा वासनेच्या झटक्यात हे होत नाही. मँचेस्टरमध्ये रेनहार्ड सिनागा ह्याने ४८ पुरुषांना अशा रीतीने बळी पाडले; त्यातील बहुतेकांना पोलीस दारी येईपर्यंत काही कळलेही नव्हते. जानेवारी २०२० मध्ये त्याला जन्मठेप व किमान ३० वर्षे झाली, आणि अपील न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात ती किमान ४० केली. आठवत नाही म्हणून दुःख नाही, हा युक्तिवाद तेथे कोणी मान्य केला नाही. न आठवणारी रात्र आयुष्यभर बरोबर चालते.

गोव्यातील वाचकांना २००८ साल आठवेल. फेब्रुवारीत हणजूणच्या किनाऱ्यावर एक पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी मृत सापडली. तिला मादक पदार्थ दिले गेले होते. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांच्यापैकी एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. मधली अकरा वर्षे गावोगाव चर्चा कशाची चालली होती? मुलीच्या आईची, मुलीच्या वागण्याची, कपड्यांची. पदार्थ कोणी दिला ह्याची सर्वांत कमी.

आता आपल्याकडे वळू. आरोपी मंडळीतला असला की, ‘हा नियमित उपासनेला येतो, तरुण संघाचे काम करतो’ असा दाखला मंडळीच्या कागदावर मागितला जातो. शिक्षा कमी व्हावी एवढाच त्याचा उपयोग. ज्या इंग्लिश मार्गदर्शनाचा वर उल्लेख केला त्यात असे आहे की, गुन्हा जितका मोठा तितके चांगल्या नावाचे वजन कमी. आणि त्या नावाचाच उपयोग करून गुन्हा साधला असेल, तर ते नाव आरोपीच्या विरुद्धही जाऊ शकते. विचार करावा. मुलीने तो प्याला घेतलाच का? पुष्कळदा एवढ्याचसाठी की, देणारा चांगल्या घरचा, मंडळीतला, ‘अंकल’ होता. असा दाखला लिहिणारे पंच त्याच प्याल्यावर आपली मोहर उमटवितात, असे मला वाटते. कठोर वाटले तरी वाटते.

‘पण क्षमेचे काय?’ शब्बाथ शाळेच्या एका शिक्षिकेने मला हे विचारले, आणि प्रश्न योग्य आहे. क्षमा ही जिच्यावर अन्याय झाला तिची आहे. पंचांनी ती तिच्या हातून काढून वकिलाच्या हाती देण्याची वस्तू नव्हे. तडजोड झाली म्हणून बलात्काराची शिक्षा कमी करता येणार नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. २०२० मध्ये इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना पीडितेकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. तीही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये रद्द केली. न्यायालयाला जे उमगले ते मंडळीला उमगायला उशीर का लागावा?

वधस्तंभावरच्या त्या चोराकडे पाहावे. आपण आपल्या कर्माचे योग्य फळ भोगीत आहोत, हे त्याने स्वतः मान्य केले. प्रभूने त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन दिले, पण वधस्तंभावरून खाली उतरविले नाही, आणि त्यानेही ते मागितले नाही. तुरुंगात अशा माणसाला भेटावे, त्याच्याबरोबर प्रार्थना करावी, त्याच्या बायकामुलांना घरी जेवायला बोलवावे. ह्यात कोणाचाच न्याय कमी होत नाही. पण खरा पश्चात्ताप झाला आहे असे सांगून कोणी वर्षे कमी करून मागू लागला, तर मला तो चोर आठवतो. आणखी एक: निर्गम २१:१९ मध्ये जखमी करणाऱ्याने दुसऱ्याच्या वाया गेलेल्या दिवसांची भरपाई करावी व त्याला पुरते बरे करवावे असे आहे. शिक्षेचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. मुलीच्या उपचाराचा, बुडालेल्या शिक्षणाचा खर्च कोणी केला हे येत नाही. त्या कामी मंडळीच्या पेटीतून काही निघावे.

आमच्याकडे शब्बाथ शाळेत दावीदाची गोष्ट गल्याथापासून सुरू होते, नाथानाच्या दृष्टांतापर्यंत येते आणि तेथून अबशालोमाच्या बंडावर उडी घेते. मधला २ शमुवेल १३ वा अध्याय बहुधा गाळला जातो. मोठ्या मुलामुलींच्या वर्गात तो वाचावा. अम्नोन आजाराचे सोंग करतो, बहिणीच्या हातचे जेवण मागतो, सर्वांना बाहेर घालवितो. औषध नसले तरी कपट तेच आहे. तामार ओरडते, डोक्यात राख घालते. भाऊ तिला म्हणतो, गप्प राहा. बाप राजा आहे, न्यायाधीशही आहे; त्याला फार राग येतो, आणि तो काहीच करीत नाही. पुरी दोन वर्षे काहीच नाही. मग अबशालोम आपल्या चाकरांकडून अम्नोनाला मारवितो, आणि तामार भावाच्या घरी उदास राहते. पुढे तिचे काय झाले, शास्त्र सांगत नाही. दावीदाने त्या दोन वर्षांत काय करायला हवे होते, हे मुलांना विचारावे आणि त्यांची उत्तरे फळ्यावर लिहावीत.