विवाहातील एकसूत्रता आणि देवक

लग्नपत्रिका, मांडवाची सजावट, वधूवरांचे पोशाख आणि आहेराची वेष्टने या सर्वांवर एकच रंग किंवा एकच आकृती योजण्याची पद्धत आता शहरांपुरती राहिलेली नसून मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही पोहोचली आहे, आणि तिला ‘थीम’ हे नावही रुळले आहे. तिला नुसती हौस म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण अनेक वस्तू, माणसे आणि विधी मिळून एकच कार्य कशामुळे होते, हा गंभीर प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

वेदविहित कर्मांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसाशास्त्रात जैमिनींनी एकवाक्यतेचा, म्हणजे अनेक पदांचे एक वाक्य केव्हा मानावे याचा, नियम सांगितला आहे. पदांचे प्रयोजन एक असावे आणि वेगळी केली असता ती एकमेकांवाचून अपुरी राहावीत, एवढीच त्याची अट आहे. पदे सारखी दिसण्याची अपेक्षा त्यात नाही. हा नियम विवाहाला लावला तर असे दिसते की पत्रिकेवरचा मोर काढून टाकला तरी मांडवावरच्या मोराचे काही अडत नाही. उलट पाणिग्रहण आणि सप्तपदी यांचे रूप अगदी भिन्न असूनही त्यांना एकमेकांची आकांक्षा असते. मीमांसकांच्या भाषेत थीम ही पुरुषार्थ, म्हणजे माणसाच्या प्रीतीसाठी असलेली गोष्ट आहे. ती क्रत्वर्थ, म्हणजे कर्माच्या पूर्ततेसाठी आवश्यक असलेले अंग, नव्हे.

मराठी विवाहात मात्र एक चिन्ह असे आहे की जे शोभेपलीकडे जाते, आणि ते म्हणजे देवक. कुळाचे रक्षक मानलेले झाड, पाने, पीस किंवा शस्त्र, उदाहरणार्थ कळंब, पंचपल्लव किंवा मोरपीस, लग्नापूर्वी वाजतगाजत आणून त्याची स्थापना केली जाते. समान देवक असलेल्या कुळांत सोयरीक न करण्याची आणि देवक असलेल्या झाडाला इजा न करण्याची रूढी अनेक समाजांत आहे. म्हणजे हे चिन्ह मिरवणाऱ्यावर ते काही बंधन घालते, आणि त्याचे सामर्थ्य नेमके तेथेच आहे. विवाहात देशोदेशीचे आणि गावोगावचे आचार पाळावेत असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते, तर आपस्तंब गृह्यसूत्र असे आचार स्त्रियांकडून जाणून घ्यायला सांगते. त्यामुळे ग्रंथात नसलेल्या अशा रूढींना ग्रंथांनीच जागा दिली आहे, असे म्हणावे लागते.

तरीही वंशपरंपरेने आलेले चिन्हच खरे आणि निवडलेले चिन्ह उथळ, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध विवाहांत वधूवरांनी शुभ्र वस्त्रे परिधान करण्याची रीत रुजली. ती जाणीवपूर्वक स्वीकारलेली होती, आणि तरीही तिने एका समाजाला शिस्त आणि ओळख दिली, कारण त्या वस्त्रामागे त्रिशरण आणि पंचशील यांचा स्वीकार होता. शिवाय पांढरे वस्त्र साधे असल्यामुळे गरिबाच्या घरालाही ते परवडते. मोताळा परिसरातील बहुतेक कुटुंबे शेतीवर आणि शेतमजुरीवर जगतात. तेथे ज्या थीमसाठी भावकीतल्या मजूर कुटुंबालाही प्रत्येक समारंभासाठी ठरावीक रंगाचे नवे कपडे कर्ज काढून घ्यावे लागतात, ती छायाचित्रात कितीही एकसंध दिसली, तरी त्या कुटुंबाला मांडवाबाहेर ठेवते, आणि आप्तांची साक्ष हेच ज्या कार्याचे एक अंग आहे, ते कार्य तितके अपुरे राहते.